माप

हेडाऊला अमरावतीला देऊन टाकलं.
बदल्यात दोन पोरं आली, अन् एक पिचिंग मशीन.
बातमी पानाच्या तळाशी होती, संत्र्याच्या भावाच्या खाली,
म्हणून माझ्या दुकानात पोचायला तिला अकरा वाजले.
शकील घेऊन आला. स्कूटरची सीट फाटलेली,
म्हणे, सीट राहू दे, हे वाच पहिले.

मी सीटकव्हर शिवतो, पाचपावलीच्या पुलाखाली.
बेसबॉलचे ग्लोव्हही शिवतो,
कारण नवा घ्यायची ऐपत आमच्या पोरांची नाही
अन् जुना फेकायची हिंमत होत नाही.

दुसऱ्या दिवशी बातमी वर चढली.
सोबत एक जाणकार. फोटोत हाताची घडी.
लिहिलं होतं, भावनेवर संघ चालत नाही.
हेडाऊचा खांदा एकतीस वर्षांचा आहे,
मशीनला खांदाच नसतो.

भडकले सारे.
बावनथडे काकांनी तो कोपरा फाडून घेतला,
त्यात फुटाणे बांधले, अन् एकेक फोडत म्हणाले,
"हा कधी बसला का बे मे महिन्यात
सिमेंटच्या पायरीवर, तीन घंटे?
आमच्या ढुंगणाले विचार म्हणा आकडे."
निनावेनं पेपर बंद केला.
तिसऱ्या दिवशी सलूनमध्ये तोच वाचताना सापडला,
अर्ध्या गालाला साबण.

रात्री केबलवर चर्चा. चार चौकोनांत चार माणसं.
एक म्हणाला घाई झाली,
एक म्हणाला दोन वर्षं उशीर झाला,
एकाला शेवटपर्यंत वाटत होतं विषय क्रिकेटचा आहे.
चौथ्याचा आवाजच आला नाही,
तो मला सगळ्यात पटला.

मग एक पोरगी आली माईक घेऊन.
मी सोल्युशन लावत होतो, डोळे चुरचुरत होते,
पुसले.
सकाळी छापून आलं, चाहत्याला अश्रू अनावर.
बायकोनं ते मोठ्यानं वाचलं, दोनदा.

हेडाऊचा ग्लोव्ह मार्चपासून माझ्याकडे आहे.
नाडी तुटली होती. आतून पाहिला मी तो,
मनगटाशी घाम वाळून मिठाची रेघ पडलेली,
अन् करंगळीच्या खाचेत बडीशेपेचे तीन दाणे.
मी काढले नाहीत.
खांद्याबद्दल मला काही माहीत नाही.
खांदा माझ्याकडे कधी आला नाही दुरुस्तीला.
असेल, जाणकाराचं बरोबर असेल.
तेच तर झोपू देत नाही.

आठवड्यात भाषा बदलली.
शकील म्हणाला, "तसं पाहिलं तं भाऊ, भविष्य बी पाहा लागते."
बावनथडे काका म्हणाले, गुंतवणूक.
हा शब्द त्यांच्या तोंडात मी पहिल्यांदा ऐकला,
नव्या कवळीसारखा,
बोलताना जरा सुटत होता.
मी मशीनवरचा पाय थांबवला.
"काहून, काय झालं?"
काही नाही म्हटलं, दोरा संपला.

रविवारी क्लबचे सेक्रेटरी आले. आडीकर साहेब.
रिक्षात ती बसलेली, दोन चाकं, तीन पाय,
चादरीत गुंडाळलेली, जशी बाळंतीण.
म्हणे, कव्हर शिवून दे. निळं रेक्झिन. आत धूळ जाते.
मी टेप काढला.
उंची घेतली, रुंदी घेतली,
जिथून बॉल सुटतो तिथे चेनची जागा सोडली.
कानामागची पेन्सिल काढून पावतीवर लिहिता लिहिता
तोंडातून निघून गेलं, सवयीनं,
"हात कोणता? डावा का उजवा?"

साहेब खूप हसले. रिक्षावालाही हसला.
शकील सीट घ्यायला आला होता,
तो फक्त खिळ्याला टांगलेल्या त्या ग्लोव्हकडे पाहत राहिला,
अन् पैसे द्यायचे विसरून निघून गेला.